सोमवारच्या चिठ्ठ्या

कारखान्यातल्या एकसष्ट बायका एकाच आजाराने बेजार होत्या आणि तरी एकीचाही खाडा पडत नव्हता. अकरा वर्षं ही गोष्ट कुणाच्या नजरेत आली नाही. आली तेव्हा विमा कंपनीच्या संगणकाच्या आली, माणसांना असल्या गोष्टी पाहायला फुरसत कुठली.

कारखाना शर्ट शिवायचा. खालच्या मजल्यावर कापड बेतायचे, मधल्यावर शिवायचे, वरच्यावर इस्त्री आणि घड्या. जिन्याखाली पाण्याच्या टाकीला लागून एक खोली होती. तिच्यात एक लोखंडी खाट, एक वजनकाटा, एक कुलपाचं कपाट आणि सिस्टर. सिस्टर अठ्ठावन्नला टेकली होती. तिचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठे उरलं नव्हतं. नवराही फोन केला की "सिस्टर आहेत का?" असंच विचारायचा, थट्टेत सुरू झालं आणि तसंच राहिलं. गुडघे कामातून गेले होते. निवृत्तीला सात महिने होते, आणि ते सात महिने कुणी चोरून नेले असते तर तिने पोलिसात तक्रार केली नसती.

सोमवारी सकाळी जिन्यावर रांग लागायची, दर सोमवारी पंधरा-सोळा जणी. दारात येऊन बाईने म्हणायचं, "सिस्टर, जातंय." सिस्टरने मान वर न करता चिठ्ठीवर लिहायचं, 'पाळीत अति रक्तस्राव, गोळ्या एक महिना', आणि कपाटातून पाकीट काढून द्यायचं. बाई जिना चढून मशीनवर. एकीला अर्धं मिनिट पुरायचं. महिन्यातून दोनदा डॉक्टर यायचा आणि चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर उभ्या उभ्या सह्या मारून जायचा. इतक्या घाईने की गाडी बाहेर चालू ठेवून आला असावा. मग गठ्ठा विमा कंपनीकडे.

गोळ्या त्याच होत्या. बाई त्या रक्त थांबवायला घेते की मूल थांबवायला, हे गोळीला कळत नव्हतं. विम्याला मात्र कळत होतं. पुस्तिकेच्या पान एकोणीसवर छापलं होतं: गर्भनिरोधक साधने व औषधे वगळून.

सुरुवात झाली कॉलरवालीपासून. कॉलर जोडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि घरी चार मुलं होती. तिने गोळ्यांसाठी सरळ अर्ज केला, खरं कारण लिहून. अर्ज परत आला, पान एकोणीस. बाजारातून विकत घ्यायला एक महिना जमलं, दुसऱ्या महिन्यात धाकट्याला ताप आला आणि ते राहून गेलं. पाचवं मूल पोटात आडवं होतं. ऑपरेशन, रक्ताच्या चार बाटल्या, नऊ दिवस दवाखाना. विम्याने सगळं दिलं, एका शब्दाने विचारलं नाही. कॉलरवाली वाचली, पण पाच पोरं कुणाच्या गळ्यात टाकून कामावर येणार? तिची मशीन दुसरीला दिली.

सिस्टर तेव्हा साहेबांकडे गेली होती. साहेब म्हणजे कारखान्याच्या कामगार विभागाचे. माणूस वाईट नव्हता, फक्त त्यांचं प्रत्येक वाक्य पुस्तिकेतून यायचं.

"मूल होणं हा आजार आहे का, सिस्टर?"

"नाही."

"मग न होऊ देणं हा उपचार कसा?"

"मग बाळंतपणाचे पैसे कसे देता?"

"ते वेगळं कलम आहे."

सिस्टरने हात टेकले. पुढच्या सोमवारी एक बाई गोळ्या मागायला दारात येऊन उभी राहिली, तेव्हा सिस्टरने पहिल्यांदा तो आजार लिहिला. पहिली चिठ्ठी तिने दोनदा फाडून पुन्हा लिहिली. दहावी एका झटक्यात. सातशेव्या चिठ्ठीला ती लिहिताना संध्याकाळी भाजी काय करायची याचा विचार करत होती.

तर संगणकाने पाहिलं, आणि पत्र आलं. साहेबांनी ते स्वतः जिना उतरून आणून दिलं, म्हणजे प्रकरण गंभीर. या कारखान्यात या आजाराचं प्रमाण इतर ठिकाणांच्या चौदा पट आहे, असं पत्रात होतं. कापडाच्या रंगात दोष असण्याची शक्यता आहे. कंपनीची डॉक्टर गुरुवारी येईल आणि कोणत्याही दहा रुग्णांना भेटेल. चौकशीचा निकाल लागेपर्यंत गोळ्या चालू राहतील, मात्र या तक्रारीसाठी दवाखान्यात भरती किंवा ऑपरेशन यांची मंजुरी या कारखान्यापुरती थांबवण्यात येत आहे.

"रंगात काही निघालं तर आपलं कंबरडं मोडेल," साहेब म्हणाले. "चौदा पट म्हणजे काय चेष्टा आहे? तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत," सिस्टर म्हणाली. साहेब गेल्यावर तिला हसू फुटलं. हसू संपल्यावर तिने पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

बाकी सगळं आत्याने अंगावर घेतलं. आत्या मधल्या मजल्याची मुकादमीण, साठ मशिनींच्या आवाजावर चढणारा आवाज, आणि कारखान्यात जन्मली असावी इतकी जुनी. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तिने डबे बाजूला सारायला लावले आणि तालीम सुरू केली.

"किती दिवस जातं?"

"आठ," बायका एका सुरात.

"एका सुरात नाही ग, भजन आहे का? एकीने आठ सांगा, एकीने नऊ. चक्कर येते का?"

"येते."

"तुला?"

धागेवाली खुदकन हसली. शिवलेल्या शर्टांचे सुटलेले धागे कापायचं तिचं काम, वय तेवीस, घरी नऊ महिन्यांची पोर. "आत्या, मला तीन दिवससुद्धा धड येत नाही."

"तू त्या दिवशी मुकी हो," आत्या म्हणाली. "आणि गोळ्या विसरू नकोस, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा पोट घेऊन येशील."

सगळ्या हसल्या. सिस्टर दाराशी उभी राहून चहा पीत होती. पाठ असूनही कुणाला जमत नव्हतं. खोटं आजारपण सांगायला थोडा आजार तरी झालेला असावा लागतो, आणि या बायकांना आजारी पडायला वेळच मिळाला नव्हता. तेवढ्यात कुणीतरी कोपऱ्यात बसलेल्या काजवालीला ढोसलं. "हिला विचारा की."

काजवाली काजं पाडायची, दिवसाला हजार-बाराशे. चव्वेचाळीस वर्षांची. दिवसभरात तिच्या तोंडून दहा शब्द आले तर बायका म्हणायच्या, आज फार बोलली. ती उठून उभी राहिली. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून पाठीमागे बांधले.

"झोपताना खाली मेणकापड घालते," ती म्हणाली. "तरी गादीपर्यंत जातं. जिना चढताना मधे दोनदा थांबते. गाठी पडतात, लिंबाएवढ्या. परवा सुट्टी होईपर्यंत खुर्चीवरून उठलेच नाही. उठले असते तर खुर्ची दिसली असती. तुम्ही सगळ्या गेल्यावर पुसून काढली. घरी जाताना पोराचा स्वेटर कमरेला बांधून जाते. कानात सारखं काहीतरी वाजत असतं."

मग टाळ्या पडल्या. एकीला हसताना ठसका लागला. "अग बाई, आणि ही म्हणे मुकी," आत्या डोळे पुसत म्हणाली. "हिलाच पहिली पाठवा. डॉक्टरीण रडत बाहेर येईल." सगळ्या हसतात हे पाहून काजवालीही तोंडावर हात धरून हसली.

सिस्टरच्या हातातला कप तसाच राहिला. लिंबाएवढ्या. हे आत्याने शिकवलेलं नव्हतं. हे आत्याला सुचलंच नसतं.

तिने काजवालीला खाली नेलं. जिन्यावर काजवाली खरोखरच थांबली, आणि तेही उतरताना. खाटेवर बसवून सिस्टरने तिची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली. आतून पांढरीफटक, नव्या कॉलरसारखी.

"कधीपासून?"

"पाच-सहा महिने झाले."

"आणि मला आज कळतंय?"

काजवालीने खाली पाहिलं. भांडायचं असेल तर तिला शब्द गोळा करावे लागायचे. "सांगितलं होतं. तीनदा. म्हटलं, सिस्टर, फार जातंय. तुम्ही म्हणालात, सगळ्यांचंच जातं ग."

सिस्टरला आठवेना. एवढं बोलणं झालं असेल तर ते अर्ध्या मिनिटात झालं असेल, खाली मान घालून, हात लिहीत असताना. आठवत नव्हतं म्हणूनच तिला खात्री पटली.

"आणि मग तू काहीच बोलली नाहीस?"

"मला वाटलं, खरंच सगळ्यांचं जात असेल. बोलत नसतील."

सिस्टरला स्वतःचा राग आला, पण त्या रागातही फारसा दम नव्हता. पस्तीस वर्षं नोकरी केल्यावर माणसाला स्वतःवर चिडायलाही उसनं अवसान आणावं लागतं. मग ती उठली, गाडी बोलावली आणि काजवालीला स्वतः दवाखान्यात घेऊन गेली.

गर्भाशयात गाठ होती, चांगली मोसंब्याएवढी. अंगातलं रक्त निम्म्याहून कमी झालं होतं. दवाखान्याने दोन बाटल्या रक्त चढवलं आणि सांगितलं, या आठवड्यात ऑपरेशन करा, लांबवू नका, पुन्हा असा एक झटका आला तर आम्ही काही सांगू शकत नाही; विम्याची मंजुरी तेवढी आणा. बुधवारी सकाळी सिस्टरने विमा कंपनीला फोन लावला. गाणं ऐकवून झाल्यावर एक मुलगा फोनवर आला.

"ही तक्रार तुमच्या कारखान्यापुरती थांबवलेली आहे, मॅडम."

"बाईच्या जिवाला धोका आहे."

"मी रेकॉर्ड बघतोय. सहा वर्षांपासून हाच आजार आहे, याच गोळ्या चालू आहेत. तब्येत स्थिर दिसते. तातडीचं म्हणून टाकता येणार नाही."

"ते रेकॉर्ड मी लिहिलंय," सिस्टर म्हणाली.

"मग तुम्हाला माहीतच आहे," मुलगा नम्रपणे म्हणाला.

तिने फोन ठेवला. सहा वर्षांच्या बहात्तर चिठ्ठ्या, एका अक्षरात, एका शाईत. त्यातल्या पहिल्या सहासष्ट खोट्या आणि शेवटच्या सहा खऱ्या, आणि जगात कुणाला फरक दाखवता येणार नव्हता.

आत्याला तिने दुपारी खाली बोलावलं आणि सगळं सांगितलं. आत्या वजनकाट्यावर बसून ऐकत राहिली.

"वर्गणी काढू," आत्या म्हणाली.

"आपल्या सगळ्यांचा महिन्याचा पगार घातला तर पुरेल. काढशील?"

आत्या हळू आवाजात बोलली, आणि हळू बोलणारी आत्या सिस्टरने कधी पाहिली नव्हती. "एकीसाठी साठ जणींच्या गोळ्या घालवणार तुम्ही? त्या साठांतल्या किती जणी कॉलरवाली होतील, मोजलंय?"

"मोजलंय."

"आणि तुमचं? सात महिने राहिलेत."

"दुसरा रस्ता असला तर सांग, आत्या. मी रात्री झोपले नाही, तरी मला सापडला नाही."

आत्या उठली तेव्हा काटा टकटक करत शून्यावर आला. "मला काही विचारू नका," असं म्हणून ती जिना चढून गेली.

गुरुवारी डॉक्टरीण आली. तिशीची असेल, खांद्यावर जड पिशवी, पायात चालायचे बूट. आल्याबरोबर तिने गोदामातून रंगीत कापडाचे तुकडे मागून घेतले आणि छोट्या बरण्यांत भरून प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली. सिस्टरला वाटलं होतं, कुणी खडूस येईल, म्हणजे बोलणं सोपं जाईल. ही तर मनापासून आलेली.

"तुमच्यासारख्या असतात म्हणून हे उजेडात येतं," ती सिस्टरला म्हणाली. "महिन्याच्या महिन्याला इतक्या नियमाने नोंद कोण ठेवतं? या बायका मुकाट सहन करत राहिल्या असत्या."

बाहेर जिन्यावर दहा जणी पाठ केलेले दिवस पुटपुटत उभ्या होत्या. सिस्टरने दार लोटून घेतलं.

"डॉक्टर, रंगात काही नाही. त्या बरण्या रिकाम्या करा. एकसष्ट जणींपैकी साठ ठणठणीत आहेत. मी खोटं लिहिलं, अकरा वर्षं. सह्या करणाऱ्या डॉक्टरांनी वाचलं नाही आणि बायकांनी मी सांगितलं तसं केलं. गोळ्या त्यांना मूल नको म्हणून लागतात." मग तिने गठ्ठ्यातून काजवालीचा कागद काढून वेगळा ठेवला. "ही एक खरी आहे. ही दवाखान्यात पडून आहे आणि तुमच्या मंजुरीवाचून तिचं ऑपरेशन अडलंय. हिला त्या साठांतून बाहेर काढा. त्यासाठी मी सांगतेय, नाहीतर सांगितलं नसतं."

डॉक्टरिणीने हातातली बरणी टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"हे मी लिहिलं की गोळ्या उद्यापासून बंद," ती म्हणाली. "तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"मला विचाराल तर विम्यात हे असायला हवं. पण पॉलिसी मी लिहीत नाही."

"कुणीच लिहीत नाही," सिस्टर म्हणाली. "इतक्या वर्षांत लिहिणारा एक भेटला नाही मला."

डॉक्टरिणीने तिथेच बसून फोन लावला. तासाभरात मंजुरी आली. शनिवारी ऑपरेशन झालं, गाठीसकट पिशवी काढली. काजवाली शुद्धीवर आल्यावर तिने पहिली गोष्ट विचारली ती तिच्या मशीनवर कुणाला बसवलंय.

शुक्रवारपासून गोळ्या बंद होत्या. साहेबांनी सिस्टरला वर बोलावून एक कागद वाचून दाखवला, त्यात 'फसवणूक' हा शब्द चार वेळा होता, आणि दर वेळी त्यांनी तो जरा घाईने उच्चारला. बडतर्फ करायचं ठरलं, पण नवी सिस्टर मिळेपर्यंत हिनेच काम पाहावं असंही ठरलं. त्या पगारात कुणी येईना, म्हणून सिस्टर बडतर्फ होऊनही रोज सकाळी आठला हजर. निरोपसमारंभ होणार नाही, एवढं मात्र नक्की झालं.

आत्या तिच्याशी बोलेनाशी झाली होती. पण पुढच्या सोमवारी जिन्यावर रांग लागली तेव्हा पहिली तीच उभी होती. वय उलटून गेलेली, तिला गोळ्यांशी काय घेणं? तिने फक्त मागच्या बाईला दंडाला धरून पुढे केलं.

"द्यायला माझ्याकडे काही नाही," सिस्टर म्हणाली.

"लिहा तर खरं," आत्या भिंतीकडे पाहत म्हणाली. "त्यांनाही साठ वेळा नाही म्हणायचे कष्ट पडू देत."

तेव्हापासून सिस्टर खरं लिहू लागली: 'मूल नको म्हणून. गोळ्या एक महिना.' चिठ्ठ्या जायच्या आणि पान एकोणीसचा शिक्का घेऊन परत यायच्या. ज्यांना परवडत होतं त्या विकत घेत होत्या, कधी दोघी मिळून, कधी एक महिना आड, आणि एक महिना आड गोळी घेणं म्हणजे न घेणंच, हे सिस्टर रांगेतल्या प्रत्येकीला सांगून थकली होती. एक बदल मात्र तिने केला. लिहिण्याआधी ती मान वर करून बाईकडे पाहायची. चेहरा, ओठ, पापणी. रांगेला दुप्पट वेळ लागायचा आणि साहेब वरून निरोप पाठवायचे.

अडीच महिन्यांनी काजवाली कामावर आली आणि सोमवारी तीही रांगेत उभी राहिली. गालांवर थोडा रंग आला होता.

"तुला कशाला आता?" सिस्टर म्हणाली.

"माझ्यामुळे बंद झालं ना. संख्या तरी कमी नको व्हायला. माझंही लिहा, मूल नको."

"नाही ग. खोटं आता एकही नको." सिस्टरने तिला कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. "बसायचं तर बस तिथे."

काजवाली कामाची घंटा होईपर्यंत बसून राहिली.

त्यानंतर दोन आठवड्यांनी धागेवाली दारात आली. ती आली की एरवी खोलीत आधी हसू शिरायचं. सिस्टरने वर पाहिलं. ओठ कोरडे, डोळ्यांखाली काळं, एक हात चौकटीला धरलेला. तिला काही सांगावं लागलं नाही.

"किती?"

"दोन महिने झाले असतील."

"आणि घरची केवढी आहे?"

"चालायला लागली परवा," धागेवाली म्हणाली, आणि रडू लागली.

सिस्टरने उठून दार लोटलं, तिला पाणी दिलं, खाटेवर बसवलं. मग टेबलाशी येऊन तिने चिठ्ठी लिहिली: 'गरोदर. तपासणी व बाळंतपण.' त्या दिवशी एकूण सोळा चिठ्ठ्या गेल्या. पंधरा शिक्का घेऊन परत आल्या. सोळावी दुसऱ्याच दिवशी मंजूर होऊन आली, सगळ्या खर्चासकट, आणि कुणी एका शब्दाने विचारलं नाही.